नर्समायची धाकटी नाव

वत्सलाबाईंना पाण्याची भीती वाटे. हे आधीच लिहून टाकतो. त्यांच्याविषयी लोक जे सांगतात त्यात नदी फार येते आणि ऐकणाऱ्याला वाटतं, बाई मोठ्या धीट असतील, पट्टीच्या पोहणाऱ्या असतील. तसं काही नव्हतं. त्या नावेत बसल्या की डोळे गच्च मिटून घेत आणि पलीकडचा काठ लागेपर्यंत मोठमोठ्याने पाढे म्हणत.

गेल्या महिन्यात बाई वारल्या, बालाघाटला भाच्याच्या घरी. दुपारी चिन्नोर तांदळाचा मऊ भात खाल्ला, जरा आडव्या झाल्या आणि उठल्या नाहीत. मला निरोप मिळाला तेव्हा वाईट वाटण्याच्या आधी सुटल्यासारखं वाटलं. कोरड्या जमिनीवर, स्वतःच्या खाटेवर, मध्ये नदी नाही. मग दोन दिवसांनी वाईट वाटायला लागलं ते अजून चालू आहे. माझं सगळंच उशिरा होतं. हे लिहायलाही वेळ लागतो आहे.

प्रांतांच्या हद्दी बदलून दहाएक वर्षं झाली होती तेव्हा मी लामत्याच्या शाळेत शिक्षक म्हणून आलो. आमची बालाघाटची मराठी घरं नोकरीतली. नागपूर तिकडे मराठी राज्यात गेलं, आम्ही इकडे हिंदीत राहिलो, आणि वर्गात हिंदी, घरात मराठी असं आमचं ठरून गेलं. लामत्याला माझ्या शेजारच्या सरकारी खोल्यांत या नर्सबाई राहत. पन्नाशीला आलेल्या, उंच, आवाज घोगरा. मूळच्या भंडाऱ्याकडच्या, म्हणून तिकडच्या बायकांसारखं 'मी करतो, मी जातो' असं बोलत. पहिल्या दिवशी त्यांनी कुंपणावरून विचारलं, "काहो गुरुजी, पाणी कुठवर?"

मी सांगितलं, घागर भरलेली आहे.

"घागरीचं नाही. तुमचं. जीव रमते का इथं, का बुडून राह्यले?"

त्यांचं सगळ्यांशी असंच होतं. बाळंतिणीला, तापाने फणफणलेल्या म्हाताऱ्याला, परीक्षेत नापास झालेल्या पोराला, सर्वांना एकच प्रश्न. "झालं ते झालं. पाणी कुठवर, ते सांग." आणि माणूस सांगे. काय झालं असं विचारलं तर लोक पहिल्यापासून सुरू करतात. पाणी कुठवर म्हटलं की नेमकं आत्ताचं सांगतात. मी ही युक्ती पुढे वर्गात वापरून पाहिली. मला जमली नाही.

बाईंची दुसरी खोड म्हणजे त्या कुठलीही वस्तू मापाची घेत नसत. मोठीच घेत. लहान मुलांचे कपडे आपण वाढत्या अंगाचे घेतो, ते सगळेच करतात. बाई सगळंच वाढत्या अंगाचं घेत. एकट्या बाईच्या स्वयंपाकघरात वीस पानांचं पातेलं. छत्री पुरुषी, तीही जमीनदाराने धरावी तशी. पावसाळ्यात गमबूट, तेही इतके सैल की त्या चालत आल्या की आधी बुटांचा फदक-फदक आवाज येई आणि मग बाई येत. माझ्या लग्नाच्या वेळी बालाघाटच्या बाजारात त्यांनी मला दोन मापं मोठा कोट घ्यायला लावला. "लग्न झाल्यावर भरसाल," म्हणाल्या. मी भरलो नाही. तो कोट अजून आहे आणि अजून सैल आहे.

बाळंतपणाला जाताना त्यांच्या पिशवीत औजारांचा डबा, स्पिरिट, कापूस आणि एक झबलं असे. आपल्याकडे तान्ह्या मुलाला नवं कापड घालत नाहीत, जुन्याचंच शिवतात. बाईही जुन्या लुगड्याचंच शिवत. पण माप दोन वर्षांच्या मुलाचं. त्यात बाळ घातलं की नुसतं नाक दिसे.

"बाई, हे लेकराले हाये का त्याच्या बापाले?" बायका हसत.

"लेकरालेच हाये. पुढल्या सालच्या."

तेवढंच बोलत. पण ज्या घरांत आधीची एक-दोन मुलं राहिलेली नसत, तिथल्या बायका हे झबलं हसत-हसत हातात घेत आणि मग हसायच्या थांबत. पुढल्या सालचं माप घरात आलेलं असे.

बाईंच्या हद्दीतली बरीच गावं नदीच्या पल्याड होती. त्यांतला परसटोला सगळ्यांत जवळ, म्हणजे अगदी समोर. उन्हाळ्यात वैनगंगा वाळूतून पायी ओलांडता येई. पावसाळ्यात सोमाजीचा डोंगा. एका लाकडातून कोरलेला तो डोंगा आणि सोमाजी दोघेही सारखेच काळे, चिवट आणि कुरकुरे होते. सोमाजी भाडं घेत नसे. दोन्ही काठांच्या घरांकडून हंगामाला धान घेई आणि वर्षभर नेई-आणी. बाईंच्या पाढ्यांवर त्याचा मोठा जीव.

त्यात एक गंमत होती. नदी उथळ असली की बाई पावकी म्हणत. "एक पाव पाव, बे पाव अर्धा..." पाणी चढलं की निमकी. आणि पाणी गढूळ होऊन भोवरे फिरायला लागले की औटकी. साडेतीनचा पाढा अवघड, त्यात डोकं गुंतून राहतं, बुडायचा विचार करायला जागा उरत नाही, असं त्यांचं म्हणणं. सोमाजी काठावरच्यांना सांगे, "आज बाई औटकीवर गेल्या. ढोरं सोडू नोका नदीकडं."

"चुकतात का रे?" मी एकदा विचारलं.

"मले काय कळते गुरुजी? पन डोंगा डुलला की आवाज चढते, एवढं खरं."

परसटोल्याच्या काठावर सावरीचं एक जुनं झाड होतं. नर्स हवी असली की त्या सावरीच्या फांदीवर लुगडं टांगत, लाल किंवा हिरवं, लांबून दिसेल असं. लुगडं चढलं की अलीकडचं कोणीतरी पळत येऊन बाईंना सांगे. गरज संपली की उतरवत. रीत चांगली होती. पण तिच्यात एक खोट होती, ती पूर येईपर्यंत कोणाच्या ध्यानात आली नव्हती. लुगडं उतरवतात दोन वेळांना. सुटका झाली तरी उतरवतात आणि माणूस गेलं तरी उतरवतात.

परसटोल्याचे गणपत पटेल. धिप्पाड माणूस, मिशा, बोलणं असं की समोरच्याने आधीच हो म्हणून टाकावं. त्यांची धाकटी लेक कौसल्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. श्रावणात सलग पाऊस लागला आणि सावरीवर लाल लुगडं चढलं. बाई गमबूट घालून घाटावर गेल्या. मीही मागोमाग गेलो. नदी या काठापासून त्या काठापर्यंत एकच रंगाची, चहासारखी, आणि तिच्यातून अख्खी झाडं वाहत होती.

"सोमाजी, काढ डोंगा."

"नाही काढत, माय."

"मी औटकी म्हणतो नं. तू काढ."

"तू औटकी म्हन, नाही तं पोथी म्हन. डोंगा मधात फिरून जाईन. तू मेली तं तिकडं जाईन कोन?"

सोमाजीचं बरोबर होतं. बाई घाटाच्या दगडावर छत्री उघडून बसल्या. दुपारी जेवायला उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर तिथेच. आणि आमच्या देखत पलीकडे कोणीतरी फांदीवर चढलं आणि लुगडं उतरवलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "काय समजाचं, गुरुजी?"

सुटका झाली की माणूस गेलं, हे पाणी ओसरेपर्यंत आम्हाला कळणार नव्हतं. त्या दिवसांत बाईंनी एक झबलं शिवलं. पिवळ्या जुन्या पातळाचं, नेहमीसारखं मोठं, बाह्यांना दुहेरी मुडप. त्यांनी ते शिवायला घेतलं तेव्हा मला वाटलं, बाईंनी आपलं मन एका बाजूला ठरवून टाकलं आहे आणि आता नदीने ऐकावं.

डोंगा निघाला तेव्हा मी बरोबर होतो. पलीकडे पटेल स्वतः घाटावर उभे होते. डोक्याला पटका नव्हता. बाई उतरल्या, पण पाणी कुठवर असं विचारलं नाही. पटेलांनी त्यांच्या हातातलं झबलं पाहिलं, हात पुढे करून ते घेतलं, नीट घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं. आई आणि मूल, दोघंही राहिली नव्हती.

त्या वर्षीच्या सुगीला पटेलांनी दोन्ही काठांची माणसं एकत्र बसवली आणि नदीसाठी मोटरची नाव घ्यायचं ठरलं. घरोघरचं धान गोळा झालं. सोमाजीला वाटलं आपली भाकर गेली. तो बाईंच्या ओट्यावर येऊन पाठ करून बसला.

"काहून रे, पाणी कुठवर?"

"नाकाच्या वर गेलं, माय. मोटर येऊन राह्यली म्हनतेत."

"मंग चालवन कोन? पटेल?"

सोमाजी हळूच वळला. "पटेल चालवन तं मी पोहूनच जाईन," म्हणाला. नाव तो चालवणार आणि धान त्याचंच राहणार, हे बाईंनी सभेत सगळ्यांकडून वदवून घेतलं.

बालाघाटला नदीकाठी एका ठेकेदाराचं बांधकाम संपलं होतं. सामान विकून त्याला परत जायचं होतं. त्याच्याकडे मोटरच्या दोन नावा होत्या, वापरलेल्या, पण चालू. आम्ही चौघं सकाळच्या छोट्या रेल्वेगाडीने निघालो. पटेल, कारण ते पटेल. सोमाजी, कारण तो चालवणार. मी, लिहिण्या-वाचण्यापुरता. आणि बाई, कारण पटेलांनीच सांगितलं होतं, "नर्समाय नाही आली तं मी नाही जात." पटेलांच्या पिशवीत नारळ होता.

आवारात दोन्ही नावा लाकडाच्या ठोकळ्यांवर शेजारी-शेजारी ठेवलेल्या. एक मोठी, लोखंडी, हिरवा रंग, वर ताडपत्रीचं छत, दोन्ही कडांना बाकं. तीसेक माणसं, सायकली, शेळ्या, सगळं मावेल अशी. दुसरी लाकडी, लहान, सात-आठ माणसांची, रंग उडालेला. दोघींचंही इंजिन पोटात, फळ्यांच्या खोक्याखाली झाकलेलं. तिथून एक लोखंडी दांडा मागे जातो आणि पाण्याखालचा पंखा फिरवतो. मोठीचं इंजिन वासराएवढं होतं. धाकटीचं शिवणयंत्राच्या पेटीएवढं.

ठेकेदाराचा मिस्त्री म्हणाला, "जो चाहिए ले जाओ, पटेलजी. दोनों का एक ही दाम. सेठ को कल निकलना है."

पटेलांनी मिशीवरून हात फिरवला. "भाव एक? तं मंग धाकटी कोन घेईन? येडा?"

मग त्यांनी मोठी पाहायला सुरुवात केली, ती बैल पाहतात तशी. चारही बाजूंनी फिरले. थोपटली. खाली वाकून पाहिलं. दोर ओढून पाहिला, शेपूट ओढतात तसा. धाकटीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मुलगी पाहायला गेल्यावर धाकट्या बहिणीकडे पाहू नये, तसं.

"चालीची आहे का?" त्यांनी विचारलं.

"दोनों चलती हैं. बड़ी में सवारी ज्यादा, छोटी में झंझट कम."

आता सगळे बाईंकडे पाहायला लागले. कोणाच्या मनात शंका नव्हती. बाई मोठीत चढल्या, बाकावर बसल्या, दोन्ही बाजूंना हात पसरून पाहिले. बाजूला अजून चार माणसांची जागा होती. त्यांचा चेहरा नवं पातेलं घेताना होई तसा झाला.

"हीच," म्हणाल्या. "वाढत्या अंगाची."

पटेलांनी नारळ बाहेर काढला.

सोमाजी म्हणाला, "पान्यात तं टाकून पाहा आधी. कोरड्यावर डोंगाबी धावते."

ते सगळ्यांना पटलं. मजुरांनी ओंडक्यांवरून दोन्ही नावा पाण्यात सरकवल्या. मोठी पाण्यात गेल्यावर फारच छान दिसायला लागली. मिस्त्री आणि एक मजूर, दोघांनी मिळून हँडल फिरवलं आणि इंजिन धडधडायला लागलं. पटेल पुढच्या बाकावर बसले. मी बसलो, बाई बसल्या, डोळे मिटले आणि पावकीला सुरुवात केली. मोटर चालू आहे हे पाहून मजूर चढले. आवाज ऐकून काठावर कपडे धुणारी माणसं आली, तीही चढली. एक फुटाणेवाला टोपलीसकट आला. पटेलांना बाजारात आलेला त्यांचा एक सोयरा दिसला, त्याला त्यांनी हाका मारून बोलावलं. तो म्हणाला, आलोच, भावाले घेऊन येतो.

नाव निघेना.

बाईंची पावकी संपली. त्यांनी एक डोळा उघडला. "काहून?"

मिस्त्री बिडी पेटवत म्हणाला, "आठ-दस और आने दो, बाईजी. खाली क्या ले जाना?"

"थांबा थांबा," पटेल म्हणाले. "भाऊ येऊन राह्यला. पान घेऊन येते."

कोणालाच यात वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही. लालबर्ऱ्याची बस घ्या, लांजीची घ्या, इंजिन चालू करून भोंगा वाजवत तासभर उभी असते, आणि आपण आत बसून खिडकीतून अजून कोण येतंय ते पाहत असतो. भरल्याशिवाय निघायचं नाही, हे आमच्याकडे कोणी कोणाला शिकवत नाही. अर्धी रिकामी गाडी निघाली तर बसलेल्यांनाच वाईट वाटतं.

बाईंच्या झंपरला एक लहान घड्याळ टाचलेलं असे, नाडी मोजायचं. त्यांनी ते हातात धरलं होतं. त्या घड्याळाकडे पाहत नव्हत्या. सगळ्या माणसांकडे एकेक करून पाहत होत्या. मग उठल्या, फुटाणेवाल्याच्या टोपलीवरून पाय टाकून खाली उतरल्या आणि शेजारच्या धाकटीत जाऊन बसल्या.

"सोमाजी, ये. गुरुजी, तुमीबी या. ए भाऊ, फिरव तुझं हँडल."

मिस्त्रीने एकट्यानेच हँडल फिरवलं. बाईंनी डोळे मिटले. "एक पाव पाव, बे पाव अर्धा..." आम्ही चौघं झालो होतो आणि एवढ्यानेच ती भरल्यासारखी दिसत होती. आणखी कोणाची वाट पाहावी असं कोणालाच वाटलं नाही. ती निघाली. सोमाजीने मिस्त्रीकडून सुकाणू घेतलं आणि लहान पोरासारखा हसायला लागला. बाईंची पावकी अर्ध्यावर असताना आम्ही नदीच्या मध्यात होतो. त्यांनी डोळे उघडून मागे पाहिलं.

काठाला हिरवी मोटर तशीच धडधडत उभी होती. पुढच्या बाकावर पटेल बसलेले. ते सोयऱ्याच्या भावाची वाट पाहत होते.

परत आल्यावर बाई म्हणाल्या, "पटेलजी, धाकटी घ्या."

पटेलांचा चेहरा उतरला. मग चढला. "लोक हासतीन, माय! तेवढ्याच धानात थोरली येऊन राह्यली अन् आपन धाकटी न्याची? गावात काय सांगू, बाजारात गेलतो अन् वासरू घेऊन आलो? अन् तू! तू तं झबलंबी दोन हात मोठं शिवते!"

"हौ. शिवतो."

"मंग?"

"झबलं भराची वाट पाह्यते, पटेलजी. दोन साल पाह्यते, त्याचं काही बिघडत नाही. ही थोरलीबी भराचीच वाट पाहीन. मी पाह्यलं आता. तुमी बसले, मी बसलो, गुरुजी बसले, कोनालेच कळलं नाही आपन काहून थांबून राह्यलो. ज्या दिवशी सावरीवर लुगडं चढन त्या दिवशी तीस मानसं कुठून आनू? सोमाजी तं म्हनन, माय, अजून चार येऊ दे."

"मी नाही म्हननार," सोमाजी म्हणाला.

"म्हनशीन. मीबी म्हनन. पटेलजी म्हनन. आपली सवयच हाये ते."

नारळ त्यांच्या हातात होता. लुगडं म्हटल्यावर ते नदीकडे पाहायला लागले होते. मघाशी हाका मारून बोलावलेला सोयरा भावाला घेऊन एकदाचा आला आणि म्हणाला, "चला मामाजी, निघू!" पटेलांनी त्याच्याकडे पाहिलं. मग खाली वाकून धाकटीच्या नाकावर, उडालेल्या रंगावर, नारळ फोडला. इतक्या जोराने, की एक ढलपी निघाली. तिथली खोच शेवटपर्यंत तशीच होती.

गावात लोक हसले. पटेल म्हणत, हासा. दुसरं काही म्हणत नसत.

पुढच्या श्रावणात पुन्हा पाऊस लागला. आठवडाभर छपरं गळत होती. मग एका सकाळी उघडीप मिळाली, वारा सुटला आणि सावरीवर हिरवं लुगडं चढलं. पटेलांची सून, थोरल्या मुलाची बायको, दिवस भरलेली होती. त्यामुळे लुगडं कोणाच्या घरचं हे सगळ्यांना माहीत होतं.

नदी गेल्या वर्षीसारखीच होती. बाई घाटावर आल्या तेव्हा सोमाजीने हँडल फिरवूनही ठेवलं होतं. पाणी उपसायला कोणीतरी हवं म्हणून मी डबा घेऊन बसलो. "चाल," बाई म्हणाल्या. आम्ही तिघंच. कोणीही कोणाची वाट पाहिली नाही.

बाई औटकीवर होत्या. "बे औटं सात, तीन औटं साडेदहा..." ओंडका आला की सोमाजी नाव वळवी आणि आवाज चढे. धाकटी पाण्यावर उडत होती, आपटत होती, पण जात होती. मी डब्याने पाणी बाहेर टाकत होतो. मध्य ओलांडला असेल, तेवढ्यात सोमाजीचा हात थबकला. इंजिनाचा आवाज खाली आला.

"माय," तो म्हणाला. "उतरलं."

औटकी थांबली. बाईंनी डोळे उघडले. सावरीची फांदी रिकामी होती.

नाव खालच्या अंगाला वाहायला लागली. सोमाजीने विचारलं, "काय करू? फिरवू?"

"काहून फिरवतो?" बाई म्हणाल्या. आवाज फार लहान होता. "यंदा पाहून तं घेऊ."

बाकीची नदी त्यांनी उघड्या डोळ्यांनी ओलांडली, पाढा न म्हणता. मी त्यांच्याकडे पाहण्याचं टाळत होतो.

पटेल घाटावर उभे होते. गुडघ्याएवढ्या पाण्यात येऊन त्यांनी नाव धरली. बाई उठल्या. त्यांनी विचारायच्या आधीच पटेल ओरडले, पुराच्या आवाजावर ओरडावं लागत होतं.

"पोरगी झाली, माय! रडून राह्यली!"

"मंग लुगडं काहून उतरवलं रे बाबा?"

"गुंडाळाले कोरडं कापड नाही घरात! आठ दिवसाचं सगळं ओलंच्चिंब. कोरडं म्हनून तेच एक, वाऱ्यावरचं. सुईन म्हने, जा, झाडावरचं आन!"

बाई नावेच्या काठावर बसल्या. मग हसायला लागल्या. पटेल हसायला लागले. सोमाजी इंजिनावर डोकं टेकून हसत होता की काय करत होता, कळलं नाही. पण ते फार वेळ चाललं नाही, कारण पटेलांनी डोळे पुसत सांगितलं, "पन वार नाही पडली अजून. सुईन घाबरली हाये."

बाईंचं हसू जागच्या जागी बंद झालं. "मंग इथं काय हासत बसले? चला!" आणि त्या आपल्या सैल गमबुटांनी चिखलातून अशा धावल्या की एक बूट मागे रुतून राहिला. तो मी काढला आणि हातात घेऊन मागून गेलो.

मी ओसरीवर बसून होतो. बाई बाहेर आल्या त्या हात पुसत. "अजून थोडा वेळ गेला असता तं पोरगी राह्यली असती अन् माय गेली असती," एवढंच म्हणाल्या. पटेल आत गेले आणि एक घडी केलेलं कापड घेऊन आले. पिवळं झबलं. गेल्या वर्षी खिशात ठेवलेलं. त्यांनी ते बाईंच्या हातात दिलं. बाईंनी ते झटकलं, ओलसर होतं म्हणून घटकाभर उन्हात धरलं आणि आत जाऊन हिरव्या लुगड्यातल्या त्या मुलीला घातलं. नुसतं नाक दिसत होतं.

निघताना त्यांनी सगळ्या बायकांना ताकीद दिली. "पुढं लुगडं उतरवलं अन् सगळं बरं असन, तं त्या जागी झबलं टांगत जा. माह्या जीवाले घोर नोका लावू." तेव्हापासून त्या सावरीवर अधूनमधून एखादं झबलं फडफडताना दिसे. नवखा माणूस विचारी, हे काय. आम्ही सांगत असू, काही नाही, बरं आहे.

परतीला बाई डोळे उघडे ठेवून बसतील असं मला वाटलं होतं. नाही. मिटले आणि पुन्हा औटकी. भीती गेली नव्हती. ती कधीच गेली नाही.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडी, नदीला अजून नावेपुरतं पाणी असताना, बाईंची बालाघाटला बदली झाली. त्यानंतर मी त्यांना भेटलो, पुष्कळदा भेटलो, भाच्याच्या घरी त्यांच्या मोठ्या पातेल्यातला चहाही प्यालो. पण बाई म्हटलं की मला लामत्याचं स्टेशनच दिसतं. छोटी गाडी पाणी घेत उभी होती. बाई खिडकीशी बसलेल्या, मांडीवर ती छत्री. परसटोल्याचं अख्खं गाव निरोपाला आलेलं, आणि धाकटी सकाळपासून खेपा घालत होती.

पटेल खिडकीशी आले. त्यांना राहवलं नाही. "पाह्य, माय. थोरली घेतली असती तं सारे एकाच खेपेत आलो असतो."

"थोरली घेतली असती तं तुमी अजून तिकडंच असते, पटेलजी. भाऊची वाट पाहत."

फलाटावर एवढं हसू उसळलं की गार्डाने वळून पाहिलं. शिट्टी झाली. गाडी हलली तेव्हा शेवटच्या खेपेची माणसं येत होती, आणि सगळ्यांच्या पुढे पटेलांची सून, कडेवर पोर घेऊन पळत. पोरीच्या अंगात ते पिवळं झबलं होतं. बाह्या दोनदा दुमडलेल्या, तरी बोटं आतच. सून गाडीबरोबर धावत म्हणाली, "बाई, पाह्यजा, अजून मोठंच होते इले!"

बाईंनी खिडकीतून हात काढला, बाहीची मुडप बोटांनी चाचपून पाहिली. गाडीने वेग घेतला, तसा हात सुटला.

"होऊ दे," त्या ओरडल्या. "राहू दे जागा."